रिजेक्ट म्हंजी रिजेक्ट

माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर अजून एक पिवळं गोल स्टिकर आहे. घासून घासून निम्मं उडालं, पण पुरतं गेलं नाही. बायको विचारते, हे खरवडून का टाकत नाही? मी म्हणतो, ज्यानं लावलं त्यानं काढावं. लावणारा आता काढायला येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

ते लावलं दत्तू आप्पांनी. रांजणगावच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. ते क्वालिटीत, मी डिस्पॅचमध्ये. म्हणजे मी माल ट्रकमध्ये चढवायचा आणि त्यांनी तो उतरवायला लावायचा, असं आमचं सख्य. त्यात गाव एक, कंपनीची बस एक, आणि बसमधलं बाकडंही एकच. कारखान्यात तीन रंगांची स्टिकरं असतात. हिरवं म्हणजे माल पास, पिवळं म्हणजे दुरुस्तीला परत, लाल म्हणजे रिजेक्ट, थेट भंगारात. बाकीचे लोक ही स्टिकरं मालाला लावत. आप्पा ती जगाला लावत.

त्यासाठी ते कंपनीची स्टिकरं वापरत नसत, हे आधी सांगतो. शिरूरच्या बाजारातून पदरचे पैसे टाकून तिन्ही रंगांची बंडलं आणत आणि शर्टाच्या खिशात ठेवत. शेजारी मोजमापाचा व्हर्नियर. दसऱ्याला कॅन्टीनमध्ये जिलबी आली की पहिलं लाल स्टिकर तिच्या ताटाला. "येढा पुरा न्हाई." कुणी लग्नपत्रिका दिली की ती पालथी-उलथी करून पिवळं. माझा डबा त्यांनी एकदा नुसता हातात घेतला आणि म्हणाले, "झाकान एका कंपनीचं, डबा दुसऱ्या कंपनीचा. रिवर्क." माणसांना ते नावानं हाक मारत नसत, खात्यानं मारत. मी 'डिस्पॅच'. काकू, म्हणजे त्यांची बायको, 'प्रॉडक्शन'. काकूंना मी एकदा विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाईट कशाचं? प्रॉडक्शन बंद ठिवलं की क्वालिटी उपाशी मरती."

हिरवं बंडल मात्र मी कायम नवंकोरं पाहिलं. कारखान्याच्या बाहेर त्यांनी हिरवं कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषण केलं, "आप्पांसारखी नजर पुन्हा होणे नाही" असं म्हटलं. आप्पांनी व्यासपीठावरच व्हर्नियर काढून घड्याळाची चौकट मोजली. चौकट एका बाजूला जाड निघाली. घड्याळ परत गेलं. साहेब अजून हसत होते, पण फक्त फोटोपुरते.

त्यांचं एक वाक्य सगळ्या कारखान्याला पाठ होतं. "रिजेक्ट म्हंजी रिजेक्ट." एकदा लाल लावलं की मॅनेजर येवो, मालक येवो, गिऱ्हाईक स्वतः म्हणो की चालेल आम्हाला, आप्पा स्टिकर मागे घ्यायचे नाहीत. उभ्या नोकरीत एकदाही नाही. याचा त्यांना इतका अभिमान होता की तो त्यांनी पोटच्या पोरीच्या लग्नातही बरोबर नेला.

पल्लवी त्यांची एकुलती एक. आमच्या गावाखाली भीमा, आणि भीमेच्या पलीकडं दौंड तालुक्यातलं राहू. तिथल्या सोपानरावांच्या थोरल्या मुलाला ती दिली. सोपानरावांचं उसाचं मोठं वावर, स्वतःचं गुऱ्हाळ, पंचक्रोशीत शब्दाला किंमत. आप्पांच्या भाषेत व्याही म्हणजे कस्टमर. "आन् कस्टमर म्हंजी देव," असं ते लग्न ठरल्यापासून घोकत होते.

लग्नात मानकऱ्यांना फेटे बांधायला आमच्याकडं भाड्याचा फेटेवाला येतो. एका रांगेत खुर्च्या, तो सपासप बांधत जातो, आणि पाचशे डोकी एकाच रंगाची होतात. आप्पा रांगेच्या शेवटी उभे राहून एकेक फेटा तपासत होते. तेवढ्यात सोपानराव बांधून झाले आणि उठले. आप्पांनी बघितलं, पीळ ढिला होता, मागची खोच नीट बसली नव्हती, तुरा डावीकडं कललेला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, व्याही, शोभून दिसताय. आप्पांनी दोन्ही हात वर केले आणि पाचशे माणसांसमोर व्याह्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवला.

त्यांच्या मनात तो पुन्हा नीट बांधून घ्यायचा होता. पण फेटेवाला पुढच्या लग्नाला जायच्या घाईत रिक्षात बसलेला, आणि भटजींनी माईक हातात घेऊन मंगलाष्टकं सुरू केलेली. वरबाप बोडक्या डोक्यानं उभा. वर ड्रोन फिरत होता, त्यानं ते टक्कल चारी बाजूंनी टिपलं आणि स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर दाखवलं. आमच्याकडं माणसाच्या तोंडात मारली तर ती पुढं-मागं मिटते. डोक्यावरचा फेटा उतरवला तर ती गोष्ट पिढ्यांच्या हिशोबात जाते.

सोपानराव त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. जेवले, पंगतीला नमस्कार केला, सून घेऊन गेले. आठ-पंधरा दिवसांनी निरोप आला. "ज्या हातानं फेटा उतरवला, त्या हातानं तो परत बांधंपत्तुर सून माहेरचा उंबरा चढनार न्हाई."

आता यात अवघड काय होतं? जायचं, फेटा बांधायचा, चहा प्यायचा. दोन्हीकडचे चार जाणते राहूला जमवले. आप्पांनी नवा फेटा घेतला, हात जोडले आणि म्हणाले, "माझी चुकी झाली, सोपानराव. मानसांत उतरवाय नको व्हता. बाजूला घिऊन उतरवाय पायजे व्हता." सोपानरावांनी विचारलं, "म्हंजी उतरवाय पायजेच व्हता?" आणि आप्पा, आयुष्यात फक्त खरं बोललेला तो महामूर्ख माणूस, म्हणाला, "फेटा ढिलाच व्हता की."

बैठक मोडली. येताना जीपमध्ये मी त्यांच्यावर ओरडलो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डिस्पॅच, पास न्हाई त्याला पास कसं म्हनू?"

याच सुमारास ते निवृत्त झाले आणि रॉकेटं सुरू झाली. पहिला महिना त्यांनी घर तपासलं. दुसऱ्या महिन्यात काकूंनी त्यांना घराबाहेर काढलं. दिवाळीत शेजारचं एक रॉकेट वाकडं जाऊन आमच्या कडब्याच्या गंजीत शिरलं, तेव्हा आप्पा "ह्येला तपासलं कुनी?" असं ओरडत गंज विझवायला धावले आणि विझवून झाल्यावर त्या जळक्या काडीचं माप घेत बसले. पुढं त्यांनी छंदाची म्हणून मिळणारी कागदी रॉकेटं आणि त्यांना वर ढकलणाऱ्या मसाल्याच्या नळ्या बाहेरून मागवल्या. ती रॉकेटं सरळ वर गेली, छत्री उघडून सरळ खाली आली. आप्पांना त्यात काही राम वाटला नाही. "सरळ दिसनारं सरळ गेलं तर त्यात तपासायचं काय? वाकडं दिसनारं सरळ गेलं पायजे."

तेव्हापासून त्यांनी रॉकेटासारखं दिसणारं रॉकेट कधी केलं नाही. त्यांनी केरसुणी उडवली. पुठ्ठ्याचा कर्णा उडवला. गुऱ्हाळाचं धुराडं करून उडवलं, आणि ते धूर सोडत वर गेलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. सूप मात्र काही केल्या उडेना. ते दरवेळी गिरकी घेऊन आप्पांच्याच पायाशी यायचं आणि आप्पा त्याला लाल लावायचे. शेवटी त्या सुपावर इतकी लाल स्टिकरं झाली की काकूंना त्यात तांदूळ पाखडता येईनात.

यातली युक्ती त्यांनी मला समजावली होती. पुढचं टोक जड हवं, मागचं हलकं आणि पसरट हवं, मग वस्तू वाट सोडत नाही. ते तपासायला वस्तूचा तोल साधेल तिथं दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरागरा फिरवायची. तोंड पुढं ठेवून फिरली तर उडवायला हरकत नाही. आता भर दुपारी गायरानात एक म्हातारा दोरीला केरसुणी बांधून डोक्याभोवती फिरवतोय, हे बघून गावानं काय समजायचं? गावानं करणी समजली. तीन-चार दिवस तिकडं गुरं गेली नाहीत. एक माणूस तर हळूच येऊन विचारून गेला, "आप्पा, भावकीचा एक जन हाय, त्येच्यासाठी काय करता यील का?"

वर जाण्याचं त्यांना कौतुक नव्हतं. "वर काय, फटाकडाबी जातो. खाली कसा येतो त्यावर पास-नापास." खाली येताना वस्तूचा वेग मरावा म्हणून ते तिच्या पोटात लांब कापडाची पट्टी भरत. वर गेल्यावर ती बाहेर फडकायची आणि वस्तू हलकेच उतरायची. आणि ही पट्टी असायची फेट्याची. आमच्या भागात दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा सत्कार असतो, आणि कार्यक्रम संपला की खुर्च्यांखाली फेटे पडलेले असतात. आप्पा ते गोळा करून आणत, धूत, वाळवत, इस्त्री करत. दुसरं कुठलंच कापड त्यांनी कधी वापरलं नाही. का, ते मी विचारलं नाही. माणसाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला मी काय क्वालिटीत होतो?

आप्पांची कीर्ती आमच्या गावच्या युवा नेत्यांपर्यंत पोचली. युवा नेत्यांचं वय बावन्न. त्यांच्या वाढदिवसाला गावात शिरताना चाळीस शुभेच्छुकांचे फोटो असलेला फ्लेक्स लागतो, तलवारीनं केक कापला जातो आणि सामाजिक उपक्रम म्हणून वह्या वाटल्या जातात. त्या वर्षी वह्यांऐवजी विज्ञान ठरलं. आप्पांनी नेत्यांच्या हस्ते कर्णा उडवायचा.

ठरलेल्या वेळेला कर्णा उभा राहिला. मग मान्यवरांचे सत्कार सुरू झाले. मग राहिलेल्या मान्यवरांचे. मग ज्यांना सत्कार करायला बोलावलं नाही म्हणून राग आला होता, त्यांचे. उन्हं कलली. शेवटी नेते उठले, कर्ण्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा जाड हार काढून कर्ण्याच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या.

आप्पा पुढं झाले. "हार काढाय लागंल."

कुणीच हललं नाही. नेत्यांनी घातलेला हार काढायचा कुणी? मंडपवाला हळूच आप्पांच्या कानाशी लागला, "आप्पा, एकदा एकाचा फेटा उतरवला, त्येची गत बघताय. आता हार ऱ्हाऊ द्या."

आणि आप्पा थांबले. मी त्यांच्याजवळच उभा होतो. त्यांचा वर गेलेला हात खाली आला. हार तसाच राहिला, आणि नेत्यांनी बटण दाबलं. कर्णा माडाइतका वर गेला, हाराच्या ओझ्यानं आडवा झाला, झेंडू उधळत मंडपाला एक प्रदक्षिणा घातली आणि वेशीवरच्या फ्लेक्समधून आरपार गेला. कुणाला इजा नाही. नेत्यांचा चेहरा शाबूत होता. भोक पडलं होतं एका शुभेच्छुकाच्या जागी, आणि तो शुभेच्छुक असा चिडला की काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स लागला, त्यात त्याचा फोटो दुप्पट मोठा होता. बाकीचे एकोणचाळीस मग आप्पांकडं येऊन विचारू लागले, पुन्हा कधी उडवताय?

आप्पा मात्र त्या दिवशी हबकले. "नापास मालाला मी जाऊ दिलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "आप्पा, गेला तर गेला. कुणी मेलं का?" त्यांनी फ्लेक्सच्या भोकाकडं पुन्हा एकदा पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले, "मेलं तर कुनीच न्हाई." हे त्यांना नवीन होतं असं दिसलं.

मग राहूहून निरोप आला की पल्लवीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण सोपानरावांचा उंबऱ्याचा शब्द होता. पोर फोनवर रडायची. "आप्पा, एक फेटा तर बांधायचाय. म्हना की चांगला व्हता." आप्पा फोन धरून नुसते उभे राहायचे. त्या रात्री काकूंनी त्यांचं ताट वाढलं आणि ताटाच्या काठावर लाल स्टिकर लावलं. बोलणं त्यांनी त्या दिवसापासून बंदच केलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी फेट्याचं रॉकेट करायला घेतलं.

पोटात फेट्याची पट्टी असलेलं नाही, अख्खा फेटाच उडवायचा. आत पुठ्ठ्याची नळी, बाहेरून पीळ देत बांधलेला फेटा, टोकाला तुरा, मागं लांब सुटलेला शेमला. आधी फेटेवाल्याकडं जाऊन बांधायला शिकले. मग घरी घागरीवर बांधून सराव केला. मग गायरानात. फेटा ऐटीत उडायचा, आणि वर कुठंतरी खोच सुटायची, पीळ उलगडायचा आणि लांबच लांब कापड बाभळीवर येऊन पडायचं. आप्पांनी पीळ आवळला. टाके घालून बघितले, पण टाके घातले तर तो फेटा नव्हे म्हणून स्वतःच उसवले. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. मी बाभळीवरून फेटे काढून देई.

एक दिवस ते बांधावर बसले आणि म्हणाले, "इतकं जीव लावून बांधतो, तरी ढिला ऱ्हातोय बघ." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यो फेटेवाला तर एका दुपारात पाचशे डोकी बांधत व्हता." मला एकदम त्यांची फार दया आली. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं तपासलं होतं, स्वतः पहिल्यांदाच काही करत होता.

"सोपानरावांना इचार," ते म्हणाले, "तुमच्या वावरात रॉकेट उडवाय यिऊ का."

"आप्पा, पण हे सुटतंय."

"सुटनारच. म्हनून तर जायचं."

मी राहूला गेलो. सोपानराव गुऱ्हाळावर उकळत्या रसाच्या काहिलीपाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "माफी मागाय येनार आसत्याल तर नगं म्हना," ते म्हणाले. "त्यांची माफी लय महाग पडती. रॉकेट उडवाय येनार आसत्याल तर येऊ द्या."

उसाची तोड झालेलं मोकळं वावर. कडेनं पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले, कारण पलीकडं दुसऱ्याचा ऊस उभा होता. सोपानरावांची भावकी, गुऱ्हाळावरचे हिंदी बोलणारे कामगार, गुऱ्हाळाच्या ओट्यावर पोटावर हात ठेवून बसलेली पल्लवी. काकू माझ्याबरोबर आल्या होत्या, पण आप्पांपासून लांब उभ्या राहिल्या. आप्पांनी सगळ्यांच्या देखत फेटा बांधला. नीट, सावकाश, पीळ मोजून. मग मागं सरून बटण दाबलं.

फेटा उठला. खरं सांगतो, मी पाहिलेली ती सगळ्यात ऐटबाज वस्तू. तुरा वर, शेमला मागं, पाहुण्यांच्या घोळक्यातून मानकरी निघावा तसा गेला. एक कामगार ओरडला, "अरे, पगड़ी जा रही है!" आणि वर पोचताच खोच सुटली. पीळ उलगडला. सगळा फेटा आभाळात मोकळा झाला, लहरत लहरत आला आणि शेजारच्या उसाच्या शेंड्यांवर आडवा पसरला.

सगळे सोपानरावांकडं बघायला लागले. आप्पांनी खिशातून लाल स्टिकर काढलं, स्वतःच्या शर्टावर छातीशी लावलं आणि वळून म्हणाले, "सोपानराव, हे माज्या हातचं बांधकाम. रिजेक्ट."

सोपानराव आधी गंभीर होते. मग त्यांची मिशी हलली. मग तो धिप्पाड माणूस गुडघ्यांवर हात ठेवून असा हसला की डोळ्यांना पाणी आलं. हसत हसत स्वतः उसात शिरले, फेटा ओढून आणला, त्यावरचं पाचट झटकलं आणि ओट्याच्या पायरीवर बसून डोकं पुढं केलं. "बांधा आता."

आप्पा बांधू लागले. पण घागर वेगळी आणि माणसाचं डोकं वेगळं. पीळ कुठं जाड झाला, कुठं बारीक. तुरा डावीकडं कलला, अगदी लग्नातल्यासारखा. खोच कशीबशी बसवली. सोपानराव उठून उभे राहिले, छाती काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कसा हाय, क्वालिटी?"

काकूंनी माझं मनगट धरलं होतं. आप्पांनी फेट्याकडं पाहिलं. वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. व्हर्नियरकडं गेलेला हात मध्येच थांबला, आणि खिशात खोल जाऊन बाहेर आला. हिरवं बंडल. त्याचं वेष्टण फोडायला त्यांना वेळ लागला. पहिलं स्टिकर काढून त्यांनी ते त्या वाकड्यातिकड्या फेट्यावर, बरोबर कपाळाच्या मध्यावर लावलं.

"पास," आप्पा म्हणाले.

पल्लवी तिथंच रडायला लागली. काकू पुढं आल्या, आप्पांच्या शर्टावरचं लाल स्टिकर ओरबाडून काढलं आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी बोलल्या. "चला आता, पोरीला जीपमधी बसवा. ऊन लागतंय तिला."

त्या महिन्यातच माझी बदली परराज्यातल्या कारखान्यात झाली. नात झाल्याचं फोनवर कळलं, आणि पुढच्या वर्षी आप्पा गेल्याचंही. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं चित्र आहे ते त्या दुपारचं. पल्लवीला घेऊन जीप निघायची होती. सोपानराव निरोप द्यायला वेशीपर्यंत आले होते, हिरवं स्टिकर मिरवत. चालता चालता खोच सुटली. फेटा सैल होऊन त्यांच्या एका कानावर आला, मग भुवईवर. त्यांना पत्ता नव्हता. आप्पा जीपच्या दाराशी उभे होते, त्यांनी पाहिलं. त्यांचे दोन्ही हात आपोआप वर यायला लागले. मग त्यांनी ते हात खिशात घातले, जीपमध्ये बसले, आणि सोपानराव वळणाआड दिसेनासे होईपर्यंत व्याह्याच्या ढिल्या फेट्याकडं बघत, खिशातून हात न काढता, मान डोलवून निरोप देत राहिले.